जुनी चित्रे आणि नवी नेसण

वाङ्मय व कला यांना वाहिलेल्या मासिकात पोषाखाची चर्चा कशाला, अशी शंका काही वाचकांच्या मनात येण्याचा संभव आहे. परंतु ज्या कलाकृती चित्रकाराच्या फलकावर अगर नाटकाच्या रंगभूमीवर जन्म घेतात आणि अखेर लोकांच्या अंगाखांद्यावर येऊन विसावतात, त्यांचे परीक्षण टीकाकाराच्या अधिकाराबाहेरचे आहे असे आम्हांस वाटत नाही. काव्य हजारांतील एखादा वाचतो, चित्र शंभरांतील एखादा न्याहाळून पाहतो. वस्त्र मात्र प्रत्येकास नेसावेच लागते. तेव्हा गतकाळातील कला सामान्य माणसाच्या आयुष्यात कोणत्या वाटेने शिरते, हे पाहावयाचे असेल तर कपड्यांच्या दुकानासारखे दुसरे ठिकाण नाही.

सध्या महाराष्ट्रात जुन्या पोषाखास जे नवे दिवस आले आहेत, ते कोणाच्याही नजरेतून सुटण्याजोगे नाहीत. गुढीपाडव्याच्या सकाळी गिरगावात अगर डोंबिवलीत निघणारी शोभायात्रा पाहावी. नऊवारी लुगडे, नाकात मोत्यांची नथ, कपाळी चंद्रकोर, मस्तकी फेटा आणि हाती मोटारसायकलीची मूठ, असा तरुणींचा थाट तेथे दिसतो. लग्नसमारंभात निदान एक विधी तरी नऊवारीत व्हावा, अशी नवरीची हौस असते. ही हौस पुरविण्याकरिता ‘शिवलेली नऊवारी’ नावाचा एक नवाच प्रकार शिंप्यांनी निर्माण केला असून त्यात ‘ब्राह्मणी’, ‘पेशवाई’, ‘मस्तानी’, ‘राजलक्ष्मी’ अशी पोटनावेही रूढ झाली आहेत. निऱ्या आधीच टाचलेल्या, काष्टा आधीच शिवलेला. विजारीप्रमाणे पाय घालावेत, कमरेशी बंद आवळावा, की पाच मिनिटांत पेशवाई अवतरते!

या प्रकाराविषयी समाजात दोन मते ऐकू येतात. एका पक्षाच्या मते हे संस्कृतीचे पुनरुज्जीवन असून त्याबद्दल नव्या पिढीची पाठ थोपटली पाहिजे. दुसऱ्या पक्षाच्या मते हे निव्वळ सोंग आहे; सणापुरते अंगावर चढवावयाचे आणि संध्याकाळी उतरवून ठेवावयाचे. वरवर पाहता ही मते परस्परविरोधी वाटतात. पण दोहोंच्या मुळाशी एकच समजूत आहे. ती ही की, ‘जुना पोषाख’ म्हणून एक निश्चित, ठरलेली वस्तू कोठेतरी होती, आणि आजच्या मुलींनी एकतर ती परत आणली आहे, नाहीतर तिची विटंबना चालविली आहे. ही समजूत कितपत खरी आहे, याचा विचार आधी केला पाहिजे. कारण आमच्या मते आजची नऊवारी ही जुन्या काळातून आलेली नसून जुन्या काळाच्या चित्रांतून आलेली आहे. आणि या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे.

या चित्रांचा उगम शोधू लागलो असता प्रथम नाव येते ते राजा रविवर्मा यांचे. त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे १८४८ साली जन्मलेल्या या चित्रकाराकडे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८८८ साली चौदा पौराणिक चित्रांचे काम सोपविले. काम मोठ्या मानाचे खरे. परंतु त्याबरोबर एक अडचणही आली. दमयंती, सीता, द्रौपदी यांना नेसवावयाचे काय? केरळातील नेसण घातली तर ती उत्तरेकडील प्रेक्षकास परकी वाटणार. उत्तरेकडील घागरा घातला तर दक्षिणेस तो रुचणार नाही. आणि प्राचीन शिल्पांतील स्त्रियांप्रमाणे उत्तरांग उघडे ठेवावे, तर एकोणिसाव्या शतकातील सभ्य दिवाणखान्यात ते चित्र लावणार कोण? रविवर्मा व त्यांचे बंधू राजराज वर्मा यांनी या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी उत्तर हिंदुस्थानात प्रवास केला. अखेर निवड झाली ती लुगड्याची. आणि त्यांच्या अनेक नायिकांच्या अंगावरील वस्त्रात, पदराच्या वळणात व काठांच्या जरीत, महाराष्ट्रीय नेसणीची छाया स्पष्ट दिसते. प्रांतोप्रांतींच्या पोषाखांतील भेद रविवर्म्यांना अज्ञात होते असे मात्र नव्हे. मैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील त्यांच्या एका प्रसिद्ध चित्रात निरनिराळ्या प्रांतांतील अकरा स्त्रिया वाद्ये घेऊन बसल्या आहेत; प्रत्येकीची नेसण निराळी आणि प्रत्येकीचा चेहरा वेगळा. ज्याला इतके भेद दिसत होते, त्याने पौराणिक नायिकांसाठी त्यांतून जाणूनबुजून एक वस्त्र निवडले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

म्हणजे काय झाले? जी नेसण चित्रकाराच्या काळात जिवंत होती, ती त्याने पुराणकाळावर चढविली. पुढे १८९४ साली मुंबईत त्यांचा शिळाछाप छापखाना निघाला, नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला, आणि तेथून निघालेल्या रंगीत तसबिरी घरोघर पोहोचल्या. ज्या घरात तैलचित्र कधी शिरणे शक्य नव्हते, त्या घरात लक्ष्मी व सरस्वती भिंतीवर येऊन बसल्या. आणि काही वर्षांतच लोकांस असे वाटू लागले की, देवतांचे वस्त्र अनादि कालापासून असेच असले पाहिजे. भगिनी निवेदिता व आनंद कुमारस्वामी या टीकाकारांनी रविवर्म्यांवर कडक टीका केली. कुमारस्वामींना त्यांच्या कल्पनांत नाटकीपणा दिसला, तर निवेदितांना पत्र लिहिताना भुईवर पालथी पडलेली शकुंतला मर्यादेस सोडून वाटली. ही टीका सर्वस्वी निराधार होती असे आम्ही म्हणत नाही. परंतु रविवर्म्यांनी प्राचीन काळ हुबेहूब दाखविला नाही, हा त्यांचा दोष मानण्यापेक्षा आपण त्यांची निवड ही निवड होती हे विसरलो, हा आपला दोष मानणे अधिक न्याय्य होय. कवी जुन्या कथेस आपल्या काळाची भाषा देतो, त्याबद्दल त्याला आपण अपराधी ठरवीत नाही. मग चित्रकारास का ठरवावे?

चित्रानंतरची पायरी रंगभूमीची. नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात बालगंधर्व, यांच्या गळ्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्या नेसणीविषयी त्या मानाने कमी. १९११ सालच्या ‘मानापमाना’तील भामिनी व १९१६ सालच्या ‘स्वयंवरा’तील रुक्मिणी या भूमिकांत त्यांनी जे शालू नेसले, जी केशरचना केली, जे दागिने घातले, त्यांचे अनुकरण पुण्यामुंबईच्या सुशिक्षित घरांतील स्त्रिया हौसेने करीत, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. पदर कसा घ्यावा, नथ कशी शोभते, हे कुलीन स्त्रियांनी एका पुरुषाकडून शिकावे, यात थट्टेचा विषय पुष्कळ आहे. पण विचाराचा विषयही तितकाच आहे. रंगभूमीवरील पुरुषास स्त्रीपण जन्मतः मिळालेले नसल्यामुळे ते त्याला निरीक्षणाने कमवावे लागले, आणि जे कमवावे लागते ते अधिक रेखीव होते. घरातील स्त्री सवयीने नेसत होती. बालगंधर्व विचारपूर्वक नेसत होते. १९१९ सालच्या ‘एकच प्याला’तील सिंधूचे दरिद्री लुगडे मात्र कोणी उचलले नाही, हे निराळे सांगावयास नको.

तिसरी पायरी चित्रपटाची. दादासाहेब फाळके यांनी चित्रपटाकडे वळण्यापूर्वी रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी काही काळ छपाईचे काम केले होते, आणि त्यांच्या १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाच्या जाहिरातींपेक्षा त्याच्या दृश्यांकडे पाहिले तर ती तसबीर हालू लागली आहे असाच भास होतो. तेथेही तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषानेच केली. या वंशावळीचे अगदी अलीकडचे अपत्य म्हणजे २०१५ सालचा संजय लीला भन्साळी यांचा ‘बाजीराव मस्तानी’. त्यातील एका गीतात काशीबाई व मस्तानी एकत्र नाचताना दाखविल्या, त्यावर पेशव्यांच्या वंशजांनी व इतरांनी जोराची हरकत घेतली होती. तो वाद लवकरच शमला; परंतु त्या गीतातील लुगड्यांचे रंग व काठ बाजारात राहिले ते राहिलेच. इतिहासकार वाद जिंकतो आणि शिंपी प्रेक्षक जिंकतो, असा हा नेहमीचाच अनुभव आहे. मस्तानी ही छत्रसाल बुंदेल्याची कन्या; तिचे नाव मराठी नऊवारीच्या एका प्रकारास मिळावे, यावरून इतिहासाचे नाव व इतिहासाचे वस्त्र यांची बाजारात किती सहज फारकत होते, हे दिसून येईल.

याच संदर्भात नथीचे उदाहरण मोठे बोधप्रद आहे. आजच्या थाटात नथीइतका ‘प्राचीन’ अलंकार दुसरा मानला जात नाही. परंतु डॉ. अ. स. आळतेकर आणि भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील प. कृ. गोडे या विद्वानांनी १९३८ च्या सुमारास या प्रश्नाचा छडा लावला, तेव्हा असे दिसून आले की, हिंदुस्थानच्या प्राचीन वाङ्मयात व शिल्पांत नाकातील अलंकाराचा मागमूसही नाही, इ. स. १००० च्या अलीकडेच त्याचा शिरकाव झाला. अजिंठ्याच्या भिंतींवर राजस्त्रिया, दासी, अप्सरा अशा अनेक स्त्रिया आहेत. त्यांच्या गळ्यात, कानात, केसांत, कमरेवर अलंकारांची रेलचेल आहे. नाक मात्र मोकळे आहे. तेव्हा आपण ज्यास सनातन म्हणतो, ते एके काळी नवेच होते. कोणीतरी ते प्रथम घातले असेल, आणि कोणीतरी वडीलधाऱ्याने त्यावर नाकही मुरडले असेल.

येथपर्यंतच्या विवेचनावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, खरे जुने असे काही नसल्यामुळे कोणी कशाचीही कशीही उचल करावी, त्यात बरेवाईट काही नाही. हे आम्हांस मान्य नाही. उचल सर्वच काळांत होते. पण ती कशाची होते, यावरून तिची किंमत ठरते. आमच्या मते उचलीचे दोन प्रकार आहेत. एक रूपाची उचल आणि दुसरी रीतीची उचल. रूपाची उचल करणारा जुन्या वस्तूचा बाह्य देखावा घेतो. रीतीची उचल करणारा ती वस्तू ज्या युक्तीने, ज्या हातांनी आणि ज्या गरजेपोटी झाली, ती युक्ती घेतो. पहिला आरशासमोर उभा राहतो, दुसरा कामाला लागतो.

हा भेद स्पष्ट व्हावा म्हणून युरोपातील दोन उदाहरणे घेतो. ग्रीस देशातील डेल्फी येथे १८९६ साली एका सारथ्याची कांस्यमूर्ती उत्खननात सापडली. तिच्या अंगावरील लांब वस्त्राच्या उभ्या घड्या एखाद्या स्तंभावरील पन्हाळींसारख्या सरळ उतरतात. व्हेनिसमध्ये राहणारा मारियानो फॉर्च्युनी हा स्पॅनिश कलावंत अशा ग्रीक वस्त्रांनी भारला गेला. पण त्याने त्या मूर्तीचे चित्र कापडावर छापले नाही. रेशमाला तशा बारीक, टिकाऊ निऱ्या कशा पाडाव्यात याचा त्याने ध्यास घेतला, आणि १९०७ च्या सुमारास ‘डेल्फॉस’ नावाचा झगा सिद्ध केला. १९०९ साली आपल्या पद्धतीचे हक्कही नोंदविले. हा झगा अंगाबरोबर पसरे व अंगाबरोबर मिटे. ठेवताना त्याला पीळ देऊन वेटोळे करून डबीत ठेवीत. ज्या काळी युरोपातील स्त्रीची कंबर हाडे व दोऱ्या लावलेल्या कंचुकीत आवळली जात होती, त्या काळी या झग्याने तिला मोकळा श्वास घेऊ दिला. दोन हजार वर्षांहून जुन्या मूर्तीने नव्या स्त्रीस दिलेले हे दान केवळ देखाव्याचे नव्हते.

दुसरे उदाहरण पॅरिस येथील इव्ह सां लोराँ या वेषकाराचे. पीट मोंद्रियान या डच चित्रकाराची काळ्या रेघा व लाल, निळे, पिवळे चौकोन असलेली चित्रे प्रसिद्ध आहेत. १९६५ साली सां लोराँने त्यांवरून झगे केले. वरवर पाहणारास ही शुद्ध रूपाची उचल वाटेल. परंतु त्याने ते चौकोन कापडावर छापले नव्हते. प्रत्येक रंगाचा तुकडा निराळा कापून जोडला होता, आणि अंगाच्या गोलाईसाठी जी शिवण घालावी लागते ती काळ्या रेघांच्या आड अशी लपविली होती की, पाहणारास झगा सपाट चित्रासारखाच दिसावा. चित्रातील रेघ येथे शिवण झाली. या झग्यांच्या नकला अल्पावधीत शेकड्यांनी निघाल्या. त्यांत रेघा होत्या, शिवणीचे शहाणपण नव्हते. मूळ आणि नक्कल यांतील भेद रंगात नसतो, तो असा आतल्या बाजूस असतो.

ही कसोटी घेऊन आता आपल्या नऊवारीकडे वळू. नऊवारीची रीत कोणती? एकच अखंड, न शिवलेले वस्त्र; ते कमरेशी गाठ मारून घट्ट बसविले जाते, पुढे निऱ्या येतात, मधला भाग पायांतून मागे नेऊन काष्टा खोचला जातो आणि उरलेला पदर खांद्यावर जातो. त्याला बंद नको, टाचणी नको, आत परकर नको. तेच लुगडे सडपातळ सुनेस होते आणि स्थूल सासूसही होते. गरोदरपणी सैल नेसता येते, कामाच्या वेळी वर खोचता येते. पाय सुटे राहत असल्यामुळे भातलावणी करणारी शेतकरीण, डोक्यावर पाटी घेतलेली कोळीण आणि घोड्यावर मांड टाकणारी सरदारीण या तिघींनाही ते सारखेच सोयीचे. जीर्ण झाले म्हणजे त्याची बाळाची दुपटी होत, झोळी होई, आणि शेवटी गोधडी. वस्त्राच्या या सर्व गुणांचे मूळ एकाच गोष्टीत आहे, ते म्हणजे त्याला कात्री लागलेली नसते.

मग असे गुणी वस्त्र सुटले कसे? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सकच्छ नेसावे की विकच्छ, यावर आमच्या घराघरांतून व नियतकालिकांतून जो वाद माजला, त्याचे आज हसू येईल. पण त्या काळी तो लहान नव्हता. धर्मकृत्यास काष्टा हवाच, असा वडीलधाऱ्यांचा आग्रह; तर गोल पातळ नेसून कॉलेजात जाणाऱ्या मुलींना त्यात सुटसुटीतपणा, थोडे कापड आणि इतर प्रांतांतील स्त्रियांशी सारखेपणा दिसे. शिवाय नऊवारीवर एक काळा डागही होता, आणि आजच्या उत्सवी थाटात त्याचा उल्लेखही कोणी करीत नाही. केशवपन केलेल्या विधवेच्या अंगावरील लाल आलवण हेही लुगडेच होते. ज्या घरात सुनेचा शालू होता, त्याच घरात आत्याबाईंचे आलवण होते. दुकानातील यादीत ‘ब्राह्मणी’ आहे, ‘पेशवाई’ आहे. आलवण नाही, आणि ते नाही याबद्दल खेद करण्याचे कोणासही कारण नाही. परंतु ज्यांना सारा गतकाळ सोन्याचा दिसतो, त्यांनी चित्रातून काय गाळले गेले आहे, तेही एकदा पाहावे. त्या वेळच्या मुलींनी नऊवारी टाकली, तेव्हा त्यांनी केवळ एक वस्त्र टाकले नाही. त्या वस्त्राबरोबर येणारी सक्तीही टाकली. आजच्या मुलीस नऊवारी हौसेने नेसता येते, याचे श्रेय काही अंशी त्या टाकणाऱ्या आज्या-पणज्यांना दिले पाहिजे.

आता शिवलेल्या नऊवारीविषयी आमचे मत सांगतो. तिने रूप ठेवले व रीत घालविली, हा तिच्यावरील मुख्य आक्षेप होय, आणि तो खरा आहे. कात्री लागताच ते वस्त्र एकाच मापाचे झाले. थोरलीचे धाकटीस होईना, आईचे मुलीस होईना. वर्षातून एकदा दोनदा बाहेर निघावे आणि उरलेले दिवस कपाटात लोंबावे, अशी त्याची गत झाली. गाठ कशी मारावी, काष्टा किती ओढावा, हे जे ज्ञान बोटांत होते ते शिंप्याच्या यंत्राकडे गेले; आणि बोटांतील ज्ञान एकदा पिढीत तुटले म्हणजे पुस्तकातून परत मिळविणे फार कठीण.

तथापि दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. ज्या मुलीच्या घरात नेसविणारी आजी नाही, तिने काय करावे? तिला शिवलेल्या नऊवारीने एक दार उघडून दिले, हे नाकारण्यात अर्थ नाही. इतकेच नव्हे, तर शोभायात्रेत मोटारसायकल चालविणाऱ्या ज्या मुलीस पाहून काही लोक हसतात, ती आमच्या मते त्या सगळ्या थाटात गतकाळाच्या सर्वांत जवळ आहे. काष्ट्याचा मूळ हेतू पाय मोकळे ठेवणे हा होता. विवाहमंडपात तासन् तास पुतळीप्रमाणे बसणाऱ्या नवरीस त्याचा उपयोग नाही, वाहनावर मांड टाकणाऱ्या मुलीस आहे. तिने रविवर्म्यांच्या चित्रातील ललना व्हावयाचे ठरविले असेल, पण नकळत ती शेतात राबणाऱ्या व घोड्यावर बसणाऱ्या स्त्रियांच्या पंक्तीस जाऊन बसली आहे. त्या स्त्रियांची तसबीर कोणी दिवाणखान्यात लावली नाही. आणि त्यांच्या कोळीवाड्यातील व खेड्यातील लेकी-नातींपैकी ज्यांनी लुगडे कधी सोडलेच नाही, त्यांना पुनरुज्जीवनाची भाषाही ठाऊक नाही.

रीतीची उचल म्हणजे काय, याचे आपल्याजवळचे उत्तम उदाहरण महेश्वरचे आहे. अहिल्याबाई होळकरांची जी मूर्ती आपल्या मनात ठसली आहे, ती शुभ्र वस्त्र परिधान केलेल्या व हाती शिवलिंग घेतलेल्या एका विरक्त स्त्रीची. या चित्रावरून पोषाखाची नवी तऱ्हा काढावी, असे कोणाही शिंप्याच्या मनात येणार नाही. आणि तरीही हिंदुस्थानातील स्त्रियांच्या वस्त्रास त्यांच्याइतके चिरंतन देणे फार थोड्या ऐतिहासिक व्यक्तींनी दिले असेल. १७६७ पासून १७९५ पर्यंतच्या त्यांच्या राज्यात नर्मदातीरीच्या महेश्वरास विणकरांना आश्रय मिळाला. तेथील किल्ल्याच्या व घाटाच्या दगडांवर जी नक्षी कोरलेली आहे, तीच विटा, चटई, लहरी, हिरा अशा आकृतींच्या रूपाने लुगड्याच्या काठांत उतरली. दगडातील रेघ विणकराने जशीच्या तशी रंगविली नाही. ताण्याबाण्याला झेपेल अशी ती मोजून बसविली, आणि काठ असा विणला की वस्त्र दोन्ही बाजूंनी नेसता यावे. पुढे ही कला खालावली. १९७८-७९ च्या सुमारास होळकर घराण्यातील रिचर्ड होळकर व सॅली होळकर यांनी रेहवा नावाची संस्था काढून तेथील माग पुन्हा चालू केले, आणि त्यांवर स्थानिक स्त्रिया बसल्या. येथे गतकाळाचे रूप कोणी अंगावर चढविले नाही. त्याचे काम पुढे चालविले. अहिल्याबाईंसारखे दिसणे कोणास साधले नाही, पण त्यांच्या मागावरचे कापड आज हजारो स्त्रियांच्या अंगावर आहे.

आमच्या पैठणीसंबंधीही हीच कसोटी लावावी. बांगडीमोर, मुनिया, आसावली, अजिंठ्याचे कमळ, या आकृतींची नावे आज मुलींना पाठ आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. २०१० साली पैठणीस भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षणही मिळाले. परंतु तोच मोर यंत्रमागावर विणला जातो, कापडावर छापला जातो, उशीच्या अभ्य्रावर व चपलेच्या पट्ट्यावर बसविला जातो. मोर तोच, फरक पाहावयाचा असेल तर पदर उलटून पाहावा. येवल्याच्या अगर पैठणच्या विणकराने हातमागावर रंगारंगाचा धागा गुंतवून विणलेल्या खऱ्या पैठणीचा पदर उलट बाजूनेही सुलट बाजूसारखाच दिसतो. नकलेच्या मागे तुटक्या धाग्यांचे जंजाळ लोंबत असते. गुळेदगुड्डच्या खणाचे उदाहरण याहून थोडे निराळे व अधिक आशादायक आहे. जे कापड पिढ्यान् पिढ्या चोळीपुरते विणले जाई, त्याची आता अखंड साडी निघते. आमच्या आज्यांनी अशी साडी कधी पाहिली नव्हती, म्हणून ती ‘अस्सल’ नाही असे कोणी म्हणेल. पण ती हातमागावरची असेल तर तिने जुन्या मागास नवे काम दिले, आणि आमच्या दृष्टीने अस्सलपणाचा याहून मोठा पुरावा नाही. तीच साडी यंत्रावरची असेल, तर मात्र तिने मागावरच्या माणसाचा घास काढून घेऊन त्याच्याच कलेचे नाव मिरविले, असे म्हणावे लागेल.

सारांश, जुन्या चित्रांनी नव्या पोषाखास प्रेरणा द्यावी यात गैर काहीच नाही. कोणत्याही जिवंत समाजात हे होणारच. रविवर्म्यांनी आपल्या काळचे लुगडे दमयंतीस नेसविले, बालगंधर्वांनी ते रंगभूमीवर नेले, चित्रपटाने त्यास पाय फोडले आणि आजच्या मुलींनी ते मोटारसायकलीवर बसविले. या परंपरेत प्रत्येकाने मागच्याकडून काही घेतले आणि काही बदलले. तक्रार बदलाबद्दल नाही. तक्रार आहे ती, घेताना केवळ पुढची बाजू पाहण्याबद्दल. घरातील ज्या आजीस अद्याप नऊवारी नेसता व नेसविता येते, तिच्याकडून ती कला एका दुपारी शिकून घेण्यास काही खर्च लागत नाही. आणि सणासाठी लुगडे घेतानाच त्याचा पदर उलटून पाहण्यास फारसा वेळही लागत नाही. सुशिक्षित कुटुंबांनी एवढे केले, तरी गतकाळाचा देखावा आणि गतकाळाचा वारसा यांतील भेद ओळखण्याची सवय घरातल्या घरात लागेल, अशी आम्हांस खात्री आहे.